दहावीचं रसायनशास्त्र: परीक्षेआधीच्या शंका कोणत्या क्रमाने सोडवायच्या

प्रिलिमचे पेपर हातात पडले की मुलं शंका घेऊन येतात. त्यातली सगळ्यात जास्त ऐकू येणारी शंका म्हणजे, "सर, हे समीकरण संतुलितच होत नाहीये." वही पाहिली तर संतुलनाची पद्धत बरोबर असते, चुकलेलं असतं रेणुसूत्र. ॲल्युमिनिअम सल्फेटचं सूत्र लिहिताना ॲल्युमिनिअमची संयुजा (दुसऱ्यांशी जोडलं जाण्याची क्षमता दाखवणारा आकडा) विसरली, तर पुढे कितीही सहगुणक (सूत्राआधी लिहायचे आकडे) बदला, दोन्ही बाजू जुळणारच नाहीत.

रसायनशास्त्रातल्या बहुतेक शंका अशाच असतात. अडचण जिथे दिसते तिच्या एक पायरी आधी तिचं मूळ असतं. संयुजा कच्ची असेल तर सूत्र चुकतं, सूत्र चुकलं की समीकरण अडतं, आणि समीकरण अडलं की ऑक्सिडीकरण-क्षपण पाठ करण्याची वेळ येते. म्हणून उजळणीचा क्रम महत्त्वाचा.

बालभारतीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ मध्ये रसायनशास्त्राचे चार धडे आहेत: मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया व समीकरणे, धातुविज्ञान आणि कार्बनी संयुगे. पेपर ४० गुणांचा, वेळ २ तास, आणि त्यातच भौतिकशास्त्रही आहे. म्हणजे समीकरणावर अडून बसायला परीक्षेत वेळ नसतो. ते अडणं घरीच संपवायचं.

सुरुवात करण्याआधी

एक कोरी वही, पेन्सिल, खोडरबर आणि छापील आवर्तसारणी जवळ ठेवा. गाइड बाजूला ठेवा. गाइडमधलं उत्तर आधी दिसलं की ते आपल्याला येतंय असं वाटतं, आणि ती समजूत परीक्षेच्या दिवशीच मोडते.

खालची समीकरणं मी शब्दांत दिली आहेत. प्रत्येकाचं सूत्ररूप तुम्ही वहीत स्वतः लिहा आणि मगच पुस्तकाशी ताडून पाहा. हा लेख नुसता वाचून काढला तर त्याचा फारसा उपयोग होणार नाही.

पायरी १: संयुजा पक्क्या करा

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे आम्लारिधर्मी मूलकं, उजवीकडे आम्लधर्मी मूलकं. मूलक म्हणजे प्रभार असलेला अणू किंवा अणूंचा गट: डावीकडच्यांचा प्रभार धन, उजवीकडच्यांचा ऋण.

डावीकडे संयुजा १ असलेले सोडिअम, पोटॅशिअम, चांदी, अमोनिअम. संयुजा २ असलेले मॅग्नेशिअम, कॅल्शिअम, बेरिअम, जस्त. संयुजा ३ ॲल्युमिनिअमची. दोन संयुजा असलेल्यांना वेगळी चौकट करा: तांबं १ आणि २ (क्युप्रस, क्युप्रिक), लोह २ आणि ३ (फेरस, फेरिक).

उजवीकडे संयुजा १ असलेले क्लोराइड, हायड्रॉक्साइड, नायट्रेट, बायकार्बोनेट, परमँगनेट. संयुजा २ असलेले ऑक्साइड, सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट, कार्बोनेट, डायक्रोमेट. संयुजा ३ असलेले फॉस्फेट आणि नायट्राइड.

इथे एक चूक हमखास होते. नायट्रेटच्या सूत्रात ऑक्सिजनच्या खाली ३ दिसतात, म्हणून नायट्रेटची संयुजा ३ धरली जाते. तो ३ हा ऑक्सिजनच्या अणूंचा आकडा आहे. नायट्रेटची संयुजा त्याच्यावरच्या प्रभारावरून ठरते, आणि तो प्रभार ऋण १ आहे. सल्फेटचंही तसंच: ऑक्सिजनचे अणू ४, प्रभार ऋण २, म्हणून संयुजा २.

नावांच्या शेवटांवरून होणारा गोंधळही इथेच मिटवा. सल्फाइडमध्ये ऑक्सिजन नाही, सल्फाइटमध्ये ३ अणू, सल्फेटमध्ये ४. तिघांची संयुजा मात्र २ च.

तपासा: पान झाका. कोणीतरी नाव विचारावं, तुम्ही संयुजा सांगावी. विचार करायला थांबावं लागलं तर ते नाव पुन्हा यादीत घ्या. सगळी नावं न अडखळता आल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावू नका.

पायरी २: सूत्र लिहा, मग अणू मोजा

तिरकस गुणाकार सगळ्यांना माहीत असतो: याची संयुजा त्याच्या खाली, त्याची याच्या खाली. चुका होतात त्या त्यानंतर.

कंस. मूलकात एकापेक्षा जास्त मूलद्रव्यं असतील आणि खाली येणारा आकडा १ पेक्षा मोठा असेल, तर कंस हवाच. कॅल्शिअम हायड्रॉक्साइडमध्ये कंस न घालता २ लिहिला तर तो फक्त हायड्रोजनला लागतो आणि ऑक्सिजन एकच उरतो. सोडिअम हायड्रॉक्साइडमध्ये आकडा १ आहे, तिथे कंसाची गरज नाही.

सामाईक भाग देणं. मॅग्नेशिअम ऑक्साइडमध्ये दोघांची संयुजा २, म्हणून प्रमाण १ ला १ होतं. यावर हुशार मुलं विचारतात, "मग हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये दोन-दोन का ठेवायचे?" प्रश्न रास्त आहे. मॅग्नेशिअम ऑक्साइड आयनिक संयुग आहे, त्याचं सूत्र आयनांचं सर्वांत साधं प्रमाण दाखवतं. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या एका रेणूत खरोखरच हायड्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचे २ अणू एकमेकांना जोडलेले असतात. भाग दिला तर रेणूच बदलेल.

संज्ञेतलं दुसरं अक्षर. ते नेहमी लहान लिपीत असतं. कोबाल्टच्या संज्ञेतली दोन्ही अक्षरं मोठी लिहिली की वाचणाऱ्याला ते कार्बन मोनॉक्साइड दिसतं. घाईतल्या हस्ताक्षरात हे फार होतं.

एकटा अणू. हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लुओरिन, क्लोरिन, ब्रोमिन आणि आयोडिन ही सात मूलद्रव्यं मुक्त असताना द्विअणू रेणूच्या रूपात असतात. समीकरणात ती सुटी आली की खाली २ हवाच. धातू मात्र एकेरी संज्ञेनेच लिहायचे.

तपासा: ॲल्युमिनिअम सल्फेटचं सूत्र लिहा आणि अणू मोजा. ॲल्युमिनिअम २, गंधक ३, ऑक्सिजन १२, एकूण १७. तुमचा ऑक्सिजन ४ किंवा ७ येत असेल तर कंस पुन्हा पाहा.

पायरी ३: समीकरण संतुलित करा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळ देण्याची आहे. इथे "अंदाजाने आकडे टाकून बघू" ही सवय मोडायची.

पक्का नियम एकच: सूत्राच्या आतला आकडा बदलायचा नाही, बदल फक्त सूत्राच्या आधी लिहायच्या सहगुणकात करायचा. पाण्यात ऑक्सिजन कमी पडतो म्हणून त्याच्या सूत्रात ऑक्सिजनखाली २ लिहिलात तर ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं.

क्रम असा ठेवा:
१. दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू मोजून समीकरणाखाली पेन्सिलने तक्ता करा.
२. आधी धातू जुळवा.
३. सल्फेट, नायट्रेट यांसारखं मूलक दोन्ही बाजूंना जसंच्या तसं असेल तर ते अख्खं एक एकक धरून जुळवा. त्याचे तुकडे करू नका.
४. मग हायड्रोजन.
५. ऑक्सिजन सगळ्यात शेवटी, कारण तो बहुतेक संयुगांत असतो आणि बाकीचं जुळलं की बरेचदा आपोआप जुळतो.

एक उदाहरण सावकाश करू. ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइड आणि सल्फ्युरिक आम्ल यांपासून ॲल्युमिनिअम सल्फेट आणि पाणी. उजवीकडे ॲल्युमिनिअम २, डावीकडे १. म्हणून हायड्रॉक्साइडच्या आधी २. उजवीकडे सल्फेट ३, डावीकडे १. म्हणून आम्लाच्या आधी ३. आता हायड्रोजन मोजा: डावीकडे हायड्रॉक्साइडमधून ६, आम्लातून ६, एकूण १२. उजवीकडे पाण्याच्या एका रेणूत २, म्हणून पाण्याआधी ६. ऑक्सिजन फक्त तपासायचा: डावीकडे ६ आणि १२ मिळून १८, उजवीकडे सल्फेटचे १२ आणि पाण्याचे ६ मिळून १८. जुळलं. सहगुणक २, ३, १, ६.

आता ज्वलन. कार्बनी संयुगांच्या धड्यात हे लागतं आणि इथे क्रम थोडा बदलतो: आधी कार्बन, मग हायड्रोजन, शेवटी ऑक्सिजन. इथेनॉल जळताना कार्बन २, म्हणून कार्बन डायऑक्साइड २. हायड्रोजन ६, म्हणून पाणी ३. उजवीकडे ऑक्सिजन ४ आणि ३ मिळून ७. इथे बरीच मुलं ऑक्सिजन वायूचे साडेतीन रेणू लिहून मोकळी होतात. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा एक ऑक्सिजन आहे. तो वजा केला की ६ उरतात, म्हणजे ऑक्सिजन वायूचे ३ रेणू.

काही समीकरणांत खरोखरच अर्धा येतो. घरच्या सिलिंडरमधल्या एलपीजीत ब्यूटेन असतो, त्याचं ज्वलन घ्या. कार्बन डायऑक्साइड ४, पाणी ५, ऑक्सिजनचे अणू १३, म्हणजे साडेसहा रेणू. असं झालं की सगळ्या समीकरणाला २ ने गुणा: ब्यूटेन २, ऑक्सिजन १३, कार्बन डायऑक्साइड ८, पाणी १०.

सावध: तांबं आणि नायट्रिक आम्ल यांची समीकरणं या क्रमाने लवकर सुटत नाहीत, कारण नायट्रोजन उजवीकडे दोन ठिकाणी विभागला जातो. ती वायूच्या नावासकट लक्षात ठेवा. विरल आम्लाबरोबर नायट्रिक ऑक्साइड, सहगुणक ३, ८ → ३, २, ४. संहत आम्लाबरोबर तांबूस रंगाचा नायट्रोजन डायऑक्साइड, सहगुणक १, ४ → १, २, २. दोन्हींत उत्पादितांचा क्रम कॉपर नायट्रेट, वायू, पाणी असा आहे.

तपासा: लोह आणि पाण्याची वाफ यांपासून फेरोसोफेरिक ऑक्साइड (लोहाचे ३ अणू, ऑक्सिजनचे ४) आणि हायड्रोजन वायू. उत्तर ३, ४, १, ४ यायला हवं. आलं नाही तर हायड्रोजन वायू द्विअणू लिहिलाय का ते पाहा.

पायरी ४: अवस्था आणि खुणा

संतुलन झाल्यावरच स्थायू, द्रव, वायू, जलीय या खुणा कंसात लिहा. वायू बाहेर पडत असेल तर वर जाणारा बाण, अवक्षेप (द्रावणात न विरघळता खाली बसणारा पदार्थ) तयार होत असेल तर खाली येणारा. उष्णता किंवा उत्प्रेरक बाणाच्या डोक्यावर लिहायचे, अभिक्रियाकारकांच्या रांगेत नाही. एवढंच.

पायरी ५: अभिक्रियेचा प्रकार ओळखा

व्याख्या आठवत बसू नका. बाणाच्या दोन्ही बाजूंना पदार्थ किती आणि कोणते, ते पाहा.

अनेकांपासून एक झाला: संयोग. एकापासून अनेक झाले: अपघटन. डावीकडे एक सुटं मूलद्रव्य आणि एक संयुग, आणि उजवीकडेही तसंच: विस्थापन. दोन्ही बाजूंना दोन-दोन संयुगं: दुहेरी विस्थापन.

या कसोटीने पुढचे गोंधळ सुटतात. अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे दोन्ही वायू संयुगं आहेत, म्हणून मुलं त्यांच्या अभिक्रियेला दुहेरी विस्थापन म्हणतात. पण तयार होतो एकच पदार्थ, अमोनिअम क्लोराइडचा पांढरा धूर. म्हणून ती संयोग अभिक्रिया. कॉपर सल्फेटच्या निळ्या द्रावणात जस्ताचं चूर्ण टाकलं की रंग फिका होत जातो. जस्त सुटं होतं, शेवटी तांबं सुटं झालं, म्हणून विस्थापन. सिल्व्हर नायट्रेट आणि सोडिअम क्लोराइड यांच्या द्रावणांतून पांढरा अवक्षेप येतो, कुठेच सुटं मूलद्रव्य नाही, म्हणून दुहेरी विस्थापन.

उष्मादायी आणि उष्माग्राही यांतही असाच गोंधळ होतो. "चुनखडीला उष्णता दिली, म्हणून उष्मादायी" असं उत्तर पेपरात दिसतं. उष्णता कोणी दिली हे विचारा. आपण द्यावी लागली आणि अभिक्रियेने ती घेतली, तर उष्माग्राही. अभिक्रियेने बाहेर टाकली, तर उष्मादायी. चुनखडीचं अपघटन उष्माग्राही आहे. त्यातून मिळालेल्या चुनकळीवर पाणी घातलं की भांडं तापतं, ती अभिक्रिया उष्मादायी.

सावध, आणि हे प्रयोगशाळेतही पाळा: संहत सल्फ्युरिक आम्ल विरल करताना पाण्यात आम्ल थोडं थोडं, ढवळत घालायचं. आम्लात पाणी कधीच घालायचं नाही. खूप उष्णता एकदम बाहेर पडते, पाण्याची क्षणात वाफ होते आणि आम्ल अंगावर उडतं.

अभिक्रियेच्या दराचा प्रश्न आला तर अभिक्रियाकारकांचं स्वरूप, कणांचा आकार, तापमान, संहती आणि उत्प्रेरक हे पाच घटक. शहाबादी फरशीच्या तुकड्यांपेक्षा तिच्या चुऱ्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकल्यावर कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे जोरात येतात. कारण लिहिताना "चुरा बारीक असतो" एवढ्यावर थांबू नका. आकार लहान झाला की आम्लाच्या संपर्कात येणारा पृष्ठभाग वाढतो, हे वाक्य उत्तरात हवं.

पायरी ६: ऑक्सिडीकरण आणि क्षपण

इथे मुलं घाबरतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण हा भाग तर्काने सुटणारा आहे.

तीन प्रश्न या क्रमाने विचारा. ऑक्सिजन कोणाला मिळाला, कोणाचा गेला? ऑक्सिजन नसेल तर, हायड्रोजन कोणाचा गेला, कोणाला मिळाला? दोन्हींनी उत्तर मिळालं नाही तर, इलेक्ट्रॉन कोणी गमावले, कोणी कमावले? ऑक्सिजन मिळणं, हायड्रोजन जाणं, इलेक्ट्रॉन गमावणं हे ऑक्सिडीकरण. याच्या उलट ते क्षपण.

कॉपर ऑक्साइडवरून हायड्रोजन वायू नेला की तांबं आणि पाणी मिळतं. कॉपर ऑक्साइडचा ऑक्सिजन गेला, त्याचं क्षपण झालं. हायड्रोजनला ऑक्सिजन मिळाला, त्याचं ऑक्सिडीकरण झालं. आता पेपरात हमखास उलटं लिहिलं जाणारं: ऑक्सिडक कोण? ज्याने दुसऱ्याचं ऑक्सिडीकरण केलं तो. म्हणजे कॉपर ऑक्साइड, ज्याचं स्वतःचं क्षपण झालं. आणि क्षपणक हायड्रोजन. उत्तर लिहिण्याआधी "कोणाचं झालं" आणि "कोणी केलं" हे दोन रकाने कच्च्या कामात करा, मग उलटसुलट होत नाही.

सिल्व्हर ऑक्साइड तापवल्यावर चांदी आणि ऑक्सिजन मिळतो. अभिक्रियाकारक एकच आहे, मग ऑक्सिडीकरण कोणाचं आणि क्षपण कोणाचं? दोन्ही त्याच्याच भागांचं. सिल्व्हर आयनाने इलेक्ट्रॉन घेतला, त्याचं क्षपण. ऑक्साइड आयनाने इलेक्ट्रॉन गमावले, त्याचं ऑक्सिडीकरण. लोह आणि गंधक यांच्या अभिक्रियेत ऑक्सिजनही नाही आणि हायड्रोजनही नाही, तिथे थेट तिसरा प्रश्न विचारा: लोहाने दोन इलेक्ट्रॉन दिले, गंधकाने घेतले.

"एक अभिक्रिया दोन प्रकारांत बसते का?" बसते. मॅग्नेशिअम जळणं ही संयोग अभिक्रियाही आहे आणि ऑक्सिडीकरण-क्षपणही. पण चुनकळी आणि पाणी ही संयोग असूनही तिच्यात ऑक्सिडीकरण-क्षपण नाही, कारण कोणीच इलेक्ट्रॉन दिले-घेतले नाहीत.

तपासा: निकेल ऑक्साइड आणि हायड्रोजन. ऑक्सिडक, क्षपणक, कोणाचं ऑक्सिडीकरण, कोणाचं क्षपण, चारही उत्तरं अर्ध्या मिनिटात यायला हवीत.

पायरी ७: आवर्तसारणीतलं स्थान

इलेक्ट्रॉन संरूपण (कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन) लिहा. कवचं जितकी, तितका आवर्त (सारणीतली आडवी ओळ). शेवटच्या कवचात १ किंवा २ इलेक्ट्रॉन असतील तर गण (उभा स्तंभ) तोच. ३ ते ८ असतील तर त्यात १० मिळवा. २, ८, ३ म्हणजे तिसरा आवर्त आणि गण १३. इथे गण ३ लिहिणं ही नेहमीची चूक. हेलिअम अपवाद आहे: इलेक्ट्रॉन २, पण गण १८, कारण त्याचं कवच भरलेलं आहे.

"आवर्तात डावीकडून उजवीकडे इलेक्ट्रॉन वाढतात, तर अणू लहान कसा होतो?" ही शंका दर वर्षी येते, आणि यायलाच हवी. वाढणारे इलेक्ट्रॉन त्याच कवचात भरले जातात, नवं कवच येत नाही. केंद्रकावरचा धन प्रभार मात्र एकेकाने वाढतो आणि सगळ्या इलेक्ट्रॉनांना आत ओढतो. म्हणून लिथिअमची अणुत्रिज्या १५२ पिकोमीटर, तर त्याच आवर्तातल्या ऑक्सिजनची ६६. गणात वरून खाली येताना मात्र दर वेळी नवं कवच मिळतं, म्हणून आकार वाढतो.

पायरी ८: धातुविज्ञान

आधी क्रियाशीलता श्रेणी (जास्त क्रियाशील धातू वर, कमी क्रियाशील खाली अशी यादी) पाठ करा, मगच निष्कर्षण, म्हणजे धातुकापासून धातू मिळवणं, वाचा. श्रेणीतल्या स्थानावरूनच पद्धत ठरते: वरचे धातू विद्युत अपघटनाने, मधले ऑक्साइड करून कार्बनने क्षपण करून, तळाचे नुसत्या उष्णतेनेही.

भाजणे आणि निस्तापन यांतला फरक बाहेर पडणाऱ्या वायूवरून लक्षात ठेवा. जस्ताचं सल्फाइड धातुक भरपूर हवेत तापवलं, सल्फर डायऑक्साइड निघाला: भाजणे. जस्ताचं कार्बोनेट धातुक मर्यादित हवेत तापवलं, कार्बन डायऑक्साइड निघाला: निस्तापन. दोन्हींत शेवटी झिंक ऑक्साइडच मिळतं.

जस्ताचा मुलामा ओरखडला तरी लोखंड गंजत नाही, पण कथिलाचा ओरखडला की गंजतं, असं का? जस्त लोहापेक्षा जास्त क्रियाशील आहे, ते आधी झिजतं आणि लोह वाचतं. कथिल कमी क्रियाशील, म्हणून उघडं पडलेलं लोहच आधी झिजतं. उत्तर पुन्हा श्रेणीतच सापडलं.

सावध: आम्लराजात संहत हायड्रोक्लोरिक आम्ल ३ भाग आणि संहत नायट्रिक आम्ल १ भाग. हे प्रमाण उलटं लिहू नका.

पायरी ९: कार्बनी संयुगे

रचनासूत्र काढलं की प्रत्येक कार्बनभोवतीचे बंध मोजा. ४ च हवेत. दुहेरी बंध २ मोजायचा, तिहेरी ३. कोणत्याही कार्बनला ५ आले तर तिथेच थांबा आणि सुधारा.

नाव देताना सर्वांत लांब साखळी शोधा. साखळी कागदावर वळली तरी ती साखळीच असते, सरळ रेषेतच मोजायची असा नियम नाही. क्रियात्मक गट (संयुगाचे गुणधर्म ठरवणारा अणूंचा गट) असेल तर त्याच्या बाजूने क्रमांक द्या. कार्बॉक्सिलिक आम्ल गटातला कार्बनही साखळीत धरायचा. तो सोडला की इथेनॉइक आम्लाचं मिथेनॉइक होतं.

पायरी १०: "शास्त्रीय कारणे लिहा"

प्रश्नातलं वाक्यच थोडं फिरवून लिहिलं तर ते कारण होत नाही. पदार्थ कोणता, त्यावर काय घडतं, त्यातून काय तयार होतं, आणि म्हणून काय करतात, या चार वाक्यांत उत्तर लिहा. समीकरण येत असेल तर तेही.

प्रश्न: ॲल्युमिनाच्या विद्युत अपघटनात धनाग्र वेळोवेळी बदलावे लागते.

उत्तर असं हवं: या अपघटनात धनाग्र ग्रॅफाइटचे असते. धनाग्रापाशी ऑक्साइड आयन इलेक्ट्रॉन गमावतात व ऑक्सिजन वायू मुक्त होतो. हा ऑक्सिजन ग्रॅफाइटमधील कार्बनशी अभिक्रिया करून कार्बन डायऑक्साइड तयार करतो. त्यामुळे धनाग्राचे ऑक्सिडीकरण होऊन ते झिजत जाते, म्हणून ते बदलावे लागते.

"धनाग्र खराब होते म्हणून" एवढं लिहिलं तर मधल्या तीन वाक्यांचे गुण जातात. तांब्याची हिरवट भांडी चिंचेने किंवा लिंबाने घासतात याचंही उत्तर याच साच्यात स्वतः लिहून पाहा: थर कॉपर कार्बोनेटचा, चिंचेत आणि लिंबात आम्ल, आम्लात तो थर विरघळतो, खालचं तांबं चमकतं.

पेपर देण्याआधीची शेवटची दहा मिनिटं

नवं काही लिहू नका, लिहिलेलं तपासा. प्रत्येक समीकरणात बाण आहे का, बरोबरचं चिन्ह तर पडलं नाही ना? द्विअणू वायूंच्या खाली २ आहे का? कंसाबाहेरचा आकडा मोजताना आतल्या सगळ्या अणूंना लावला का? ऑक्सिडक-क्षपणक उलटे तर झाले नाहीत? आकृतीला नावं दिली आहेत का? ॲल्युमिनाच्या विद्युत अपघटनी घटात ग्रॅफाइटच्या कांड्या म्हणजे धनाग्र, टाकीचं ग्रॅफाइटचं अस्तर म्हणजे ऋणाग्र, ॲल्युमिना-क्रायोलाइट-फ्लोरस्पार यांचं वितळलेलं मिश्रण आणि तळाशी साचलेलं द्रव ॲल्युमिनिअम, ही चारही नावं दिसलीच पाहिजेत.